कणीक न मागता केलेला कॅम

बापू,

तुझ्या दहाव्याला कावळ्यांनी आम्हाला चांगलंच ताटकळत ठेवलं. तापीकाठी ऊन वर चढत गेलं, पिंडांच्या कडा सुकून तडकायला लागल्या, आणि कावळे मेले समोरच्या बाभळीवर बसून नुसत्या माना वाकड्या करून बघत राहिले. पिंडांची कणीक मीच मळली होती. सुमनला त्या दिवसांत कसलं भान, तुझी बायको चुलीवर पातेलं ठेवून चूल पेटवायचं विसरत होती. मी मळायला बसले आणि हाताने सवयीने घट्ट मळली, वरून तेलाचं बोट फिरवलं. गोळा हातात घेतला तेव्हा कळलं की ही तर मी तुझ्या पिस्टनवर ठेवायची कणीक मळली आहे. मग तशीच दिली. म्हटलं, तुझ्यासाठीच आहे ना, मग हीच बरी.

कावळा येईना तसं एकेकजण पुढे होऊन कबूल करू लागला. सुमनला कोणी अंतर देणार नाही, म्हणून झालं. देवीचं राहिलेलं फेडू, म्हणून झालं. आपला चुलतभाऊ नाना माझ्या मागे उभा होता. तो हळूच म्हणाला, आधीच्या पार्टीच्या पिंडांवर जेवून बसलेत ते, आता सुपारी खात असतील. मला तिथे हसू आलं रे. पदर तोंडाला लावला तर बायांना वाटलं अक्काला हुंदका आला. मग हुंदकाही आला.

शेवटी किरण पुढे झाला. तुझा मुलगा किरण, जो दोन वर्षं तुझ्यामागे लागला होता की ट्रॅक्टर विकून टाका. त्याने हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बापू, तुमना कॅम मी बसाडसू. ट्रॅक्टर घरमाच राही."

कावळा उतरला. त्याने पिंडाला चोच मारली आणि सगळे हुश्श करून चपला शोधायला लागले. मी एकटीच जागेवर उभी होते. मी काही कबूल केलं नव्हतं. ह्या ट्रॅक्टरवरूनच आपल्यात अबोला होता आणि तो तसाच ठेवून तू गेलास.

मी लिहायला बसले ती रडायला नाही. ते सुमनजवळ बसून झालं. गावात किरणबद्दल जे बोललं जातंय ते मला ऐकवत नाही, म्हणून बसले. पोराने बापाला दिलेला शब्द मोडला, असं म्हणतात. खरं काय ते सांगायचं तर तुझ्याबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल आणि ती तुला आवडणार नाही. पण मी तुझी मोठी बहीण आहे. आजवर जे काही सांगितलं ते तोंडावर सांगितलं, आताही तसंच सांगते. तू ऐकून घे.

आबांचा लाल ट्रॅक्टर तू शाळेत होतास तेव्हा आला. आपल्या वडिलांना त्याचं काय कौतुक. पावसात स्वतः भिजायचे, पण ट्रॅक्टरवर ताडपत्री. पुढे तो जुना झाला, आबाही थकले, आणि कापसाची भरलेली ट्रॉली धरणगावच्या जिनिंगच्या चढावर नेताना त्याला धाप लागायला लागली. काळा धूर सोडत तिथेच उभा राहायचा. मागच्या बैलगाडीवाल्यांचं बोलणं मला अजून आठवतं. म्हणायचे, पाटील, आमना बैल जुपू का तुमना ट्रॅक्टरले?

तेव्हा तू दोंडाईच्याला हनीफभाईंच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी करून आला होतास. तूच मला पहिल्यांदा ती कॅमची दांडी हातात धरून समजावलंस. वाचणाऱ्यांना माहीत नसेल म्हणून सांगते, तू कंटाळू नकोस. इंजिनाच्या पोटात एक दांडी फिरते, तिच्यावर टेंगळं असतात. टेंगूळ वर आलं की ते वॉल्व्ह उघडतं, मग इंजिन हवा आत घेतं. टेंगूळ जितकं उंच, तितका वॉल्व्ह जास्त उघडतो, हवा जास्त जाते, डिझेल नीट जळतं, ताकद वाढते. म्हणजे टेंगळावर वेल्डिंगची भर चढवायची आणि ती ग्राइंडिंगने पुन्हा गुळगुळीत घडवायची. मी म्हटलं, मग चांगलं बोटभर चढव ना. तू कपाळावर हात मारून घेतलास. वॉल्व्ह जास्त खाली आला तर वर येणाऱ्या पिस्टनला धडकेल, अक्का, आणि बठ्ठं इंजिन फुटी जाई. मधे जागा किती आहे ते आधी बघायला हवं.

ती जागा बघायला तू माझ्या स्वयंपाकघरात आलास. "अक्का, जराशी कनीक दे व."

मला वाटलं मासे धरायला चाललास. तू हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडलं, पिस्टनच्या डोक्यावर माझा कणकेचा गोळा थापला, वर तेल लावलं, पुन्हा हेड बसवून आवळलं आणि पहारीने इंजिन हळूहळू हाताने फिरवलं. मग हेड पुन्हा उघडलं. कणकेवर वॉल्व्हचा गोल ठसा उमटला होता, देवळातल्या प्रसादाच्या पेढ्यावर असतो तसा. तू ब्लेडने ती कणीक मधोमध कापलीस आणि ठशाखाली किती जाड उरली ते डोळा बारीक करून बघितलंस. पुरीएवढी उरली होती. "एवढी जागा शे," म्हणालास. आई ओसरीवरून ओरडत होती की अन्न मशीनमध्ये घालता, लाज वाटत नाही का. आबांनी विचारलं, पुऱ्या कधी मिळतील.

त्या पुरीएवढ्या जागेचं तू सोनं केलंस. टेंगळं तेवढीच चढवून आणलीस, जास्त नाही, कमी नाही. कॅम बसवल्यावर परत माझी कणीक घेतलीस, परत बघितलंस, आणि ह्या वेळी ठशाखाली उरली होती ती कांद्याच्या सालीएवढी. त्याच्या खाली जायचं नाही, असा तुझा नियम. बठ्ठं बराबर शे, म्हणालास. आणि होतंच बराबर. ट्रॉली चढावर गेली, बैलगाडीवाल्यांना मी वरून हात केला. फक्त उभ्या जागी चालू ठेवला की इंजिन लंगडायचं, एका पायाने चालल्यासारखं धडक-धक, धडक-धक. गावात पोरंसोरं त्या आवाजावरून ओळखायची की अक्का आली.

हो, मीच यायचे. ते कसं विसरेन. कॅमच्या आधीच माझा नवरा गेला, मी माहेरी आले, आणि लोक मला पाट्या आणि खुरपं देऊन कोपऱ्यात बसवायला निघाले होते. तू एक दिवस मला ट्रॅक्टरवर चढवलंस. माझा पाय क्लचपर्यंत पुरेना. दुसऱ्या दिवशी पेडलवर बाभळीच्या लाकडाचा ठोकळा बसवून ठेवला होतास, तासून, कडा गोल करून, माझ्या पायाच्या मापाचा. नानाने पारावर विचारलं की आता बाया नांगर धरणार का. तू म्हणालास, नांगर नाही नाना, स्टेअरिंग. त्या ठोकळ्यावर पाय ठेवून मी माझं सगळं पुढचं आयुष्य काढलं, बापू. पोळ्याला बैलांच्या शेजारी ट्रॅक्टरला पुरणपोळी दाखवली ती काय उगाच.

म्हणून तुला माझा राग का आला ते मला समजतं.

किरणचं काही खोटं नव्हतं. तो पहाटेच्या गाडीने नरडाण्याला कारखान्यात जातो, संध्याकाळी येतो, सुट्टीच्या दिवशी शेत बघतो. त्याला रोटाव्हेटर, फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार, ओढणारा ट्रॅक्टर हवा होता. आपला तो ओढू शकत नव्हता. काळ्या मातीत पाती रुतली की धापा टाकत बंद पडायचा. माझे गुडघे गेले, मी चालवणार नाही. मग कोणासाठी ठेवायचा? त्या दिवशी ओसरीवर तुम्ही बापलेक वाद घालत होता आणि तू माझ्याकडे वळलास, माझी साथ गृहीत धरून. आणि मी किरणची बाजू घेतली, म्हणाले, "इकू दे पोरले."

तू माझ्याकडे बघितलंस. "तू बी?" एवढंच म्हणालास आणि उठून गेलास.

आपले अबोले काही नवे नव्हते. तुझ्या लग्नात मानपानावरून झाला, बांधावरच्या लिंबावरून झाला, एकदा तर मी तुझ्या भाजीला आळणी म्हटलं म्हणून झाला. पण प्रत्येक वेळी मिटायचा तो एकाच पद्धतीने. पुढे आपली घरं दोन झाली, मधे कमरेएवढी भिंत. तिच्यावरून तू वाटी पुढे करायचास. कधी खरंच पिस्टनसाठी हवी असायची, कधी नुसतंच निमित्त. "अक्का, जराशी कनीक दे व." मी काही न बोलता गोळा वाटीत टाकायचे, आणि झालं, संध्याकाळी तू आमच्या ओट्यावर चहाला. तुझ्या घरात कणीक नव्हती असं नाही. सुमनच्या पोळ्या माझ्यापेक्षा मऊ होतात. पण पिस्टनला घट्ट लागते, ती अक्काच्याच हातची, असं तू जगाला सांगत आलास.

ह्या वेळी वाटी आली नाही.

भिंतीच्या पलीकडे मला सगळं कळत होतं. आपल्याच ट्रॅक्टरने रोटाव्हेटर ओढावा म्हणून तू भंगारातून तसल्याच इंजिनाची दुसरी कॅमची दांडी आणलीस. तुझी छाती तेव्हा आधीच कामातून गेली होती. एवढी वर्षं ग्राइंडिंगची धूळ खाल्लीस, तोंडाला फडकं बांध म्हटलं की म्हणायचास, फडक्यातून चहा पिता येत नाही. भिंतीशी दोन पावलं चाललास की उभा राहून श्वास घ्यायचास. इंजिनाला मोठा श्वास मिळावा म्हणून तू तसल्या छातीने दोंडाईच्याला गेलास. गोणपाटात गुंडाळलेली दांडी मांडीवर घेऊन बसलास पॅसेंजर गाडीत. शेजारच्या बाईने विचारलं म्हणे, बाळ आहे का? हे मला सुमनने सांगितलं. तू सांगायचं तर भिंतीपाशी यावं लागलं असतं.

दांडी घेऊन परत आलास ते अंथरुणालाच खिळलास. मग जळगावचा दवाखाना, नळ्या, तोंडावर ते मास्क. मी आले होते भेटायला. तुझ्या पायांना हात लावून बसले. तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस, मास्कच्या आत ओठ हलले. सुमन म्हणते, पाणी मागत होतास. मी काही म्हणत नाही.

तेरावं उरकलं आणि पुढच्याच रविवारी किरणने इंजिन उघडलं. शब्द दिला होता ना. हनीफभाई स्वतः दोंडाईच्याहून आले, आता हात थरथरतात त्यांचे, पण म्हणाले, बापूचं काम आहे, मी बसून बघेन. तुझ्या खाटेखालून तेलकट फडक्यातली दांडी काढली. काय काम होतं, बापू. टेंगळं नुसती आरशासारखी. किरणने ती हातात फिरवून बघितली आणि नाक पुसायला बाजूला गेला. जुना कॅम काढला, नवा बसवला. मग हनीफभाई माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्का, कणीक?"

मी मळूनच ठेवली होती.

हेड आवळलं. किरणने पहारीने इंजिन फिरवायला घेतलं. थोडं फिरलं आणि थांबलं. त्याने जरा जोर दिला, हनीफभाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. हेड उघडलं. वॉल्व्हने कणीक आरपार कापली होती. मधे चंद्रकोरीसारखा पिस्टनचा पांढरा धातू चकाकत होता, त्यावर बारीक ओरखडा. तसाच चालू केला असता तर पहिल्याच झटक्याला आबांचं इंजिन संपलं असतं.

किरणने पहार खाली ठेवली. मग हनीफभाईंनी सांगितलं. तू त्यांना अर्धा सूत, म्हणजे नाण्याच्या जाडीएवढी, भर चढवायची म्हणालास. त्यांना ती जास्त वाटली. त्यांनी तुला विचारलं होतं, कणीक बघितली का? तू म्हणालास, बघितली, बठ्ठं बराबर शे. ते म्हणाले, बापू कणीक बघितल्याशिवाय बोलणारा माणूस नाही, म्हणून मी मशीन चालू करून दिलं, घडवलं त्यानेच.

मी तिथे मातीत बसले, बापू. किरणला वाटलं गुडघे दुखत असतील.

किरणने विचारलं, पुन्हा घासून कमी करता येईल का? येईल की, हनीफभाई म्हणाले, पण कमी करत करत जुन्या कॅमवरच येऊन थांबावं लागेल. ह्या इंजिनात आणखी जागाच नाही. जेवढी होती तेवढी तुझ्या बापाने तेव्हाच वापरली, केसाएवढीसुद्धा मागे ठेवली नाही. ऐकतोस ना? जे मिळण्यासारखं होतं ते सगळं तू तरुणपणीच काढून दिलं होतंस. आणखी काही काढायचं उरलंच नव्हतं. कणीक बघितली असतीस तर तुला ते तेव्हाच कळलं असतं. दोंडाईच्याची ती फेरी वाचली असती. ती फेरी वाचली असती तर आणखी काय काय वाचलं असतं, तो हिशेब मी करत नाही.

किरणने जुना कॅम पुसला आणि परत बसवला. तोही तुझाच. संध्याकाळी इंजिन चालू झालं आणि गावाने तो आवाज ओळखला, तोच, लंगडा, धडक-धक. म्हणजे नवा कॅम बसवलाच नाही हे सगळ्यांना कळलं. हातपाय धुताना किरण मला म्हणाला, "आत्या, बापूंचा कॅम चुकला असं कोणाच्या तोंडी यायला नको. मी बसवला नाही, असंच राहू दे." हनीफभाईंनी मान हलवली. मीही तेव्हा मान हलवली.

पण नानाने परवा डेअरीवर चारचौघांत त्याला ऐकवलं, "कावळाले बी फसाडं रे भो तू." लोक हसले. किरणने आपली बरणी उचलली आणि घरी आला. भाड्याचा रोटाव्हेटर बोलावतो, पैसे मोजतो, आणि ज्याला विकायला निघाला होता त्या ट्रॅक्टरवर स्वतः ताडपत्री घालतो. शब्द तो मोडतो आहे की पाळतो आहे, ते आता लोकांनी हे वाचून ठरवावं. नानाला मी स्वतः वाचून दाखवणार आहे. त्याचा चष्मा हरवला असेल तर मोठ्याने दाखवीन.

किरणला हे आवडायचं नाही. तुझं नाव थोडं खाली येईल ह्याची त्याला भीती. मला नाही. तुझ्या हाताने सबंध आयुष्यात चुकीचा कॅम घडवला नाही, तो एकच घडवला, आणि त्यातसुद्धा हात चुकला नव्हता. घडवलेलं टेंगूळ हनीफभाईंनी मापलं, तू सांगितलंस तेवढंच भरलं. तू फक्त विचारायला आला नाहीस. भिंत कमरेएवढीच होती रे.

तो कॅम भंगारात द्यायला किरण तयार नाही. तुझ्या खाटेखाली परत ठेवला आहे, त्याच फडक्यात. सुमन रोज खाली वाकून झाडते आणि तो बाजूला सरकवून पुन्हा जागेवर ठेवते.

आता एकच राहिलं, आणि ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. दवाखान्यातही सांगता आलं नाही, तिथे तू मास्कच्या आत होतास आणि नर्स वेळ झाली म्हणत होती. तू वाटी घेऊन आला नाहीस त्या सगळ्या दिवसांत मला वाटायचं, आज येशील. रोज सकाळी मी माझ्या एकटीच्या पोळ्यांना लागते त्यापेक्षा मूठभर कणीक जास्त भिजवत होते, घट्ट, तेलाचं बोट लावून. दुपारपर्यंत झाकून ठेवायची. मग गाईला घालायची.